चाळीसच्या आत

आमच्या कारखान्याच्या दवाखान्यात रक्त काढायच्या जागी एक हिरवा पडदा होता. पडद्याला कोपराच्या उंचीवर एक चीर ठेवली होती आणि तिच्या कडा नीट शिवून घेतल्या होत्या. बाई बाहेर स्टुलावर बसायची, चिरेतून हात आत घालायची. आत कंपाउंडरकाका रक्त काढायचे, कापूस दाबायचे आणि हात परत बाहेर जायचा. फार पूर्वी दोघी-तिघी सुई बघून चक्कर येऊन पडल्या होत्या, तेव्हापासूनची ही सोय.

कारखाना बॅटऱ्यांचा. प्लेटा रचायच्या लाइनवर बावीस बायका. एक तपकिरी प्लेट, वर पांढरा कागद, मग करडी प्लेट, परत कागद. तेरा प्लेटा झाल्या की गठ्ठा टेबलावर आपटून कडा सरळ करायच्या. आपटला की बारीक धूळ उडते, आणि ती धूळ म्हणजे शिसं. म्हणून दर सहा महिन्यांनी या बावीस जणींच्या रक्तातलं शिसं मोजायचं. ते मोजायला मला ठेवलं होतं. रसायनशास्त्राची पदवी हातात पडून तेव्हा सात महिने झाले होते.

नियम एका वाक्याचा आहे. आकडा चाळीसच्या आत असेल तर काम चालू, चाळीसच्या वर गेला तर त्या बाईला लाइनवरून उठवायचं आणि रक्त साफ होईपर्यंत शिशापासून लांब ठेवायचं. पगार तोच. मला हा नियम वाचताक्षणी आवडला होता, आणि अजूनही त्यात खोट काढता येत नाही. फक्त त्यात एक गोष्ट लिहिलेली नाही. उठवलेल्या बाईचा निळा अ‍ॅप्रन काढून घेतात, तिला करडा देतात आणि मागच्या शेडमध्ये पुठ्ठ्याची खोकी दुमडायला बसवतात. करड्यातून परत निळ्यात आलेली बाई कुणाच्याच आठवणीत नव्हती.

नोकरी मला मावशीच्या शब्दाने मिळाली होती. ती त्या लाइनची मुकादम. लाइनवर तिला ‘मोठ्या बाई’ म्हणत. मी राहायलाही तिच्याचकडे होते. घरात मावशी, मी आणि मावसबहीण. मावसबहीण राज्यशास्त्रात एम.ए. करत होती आणि कुठल्याही वाक्याला ‘पण’ लावल्याशिवाय सोडत नसे, म्हणून तिला घरात सगळे ‘वकील’ म्हणत.

पहिल्या तपासणीत बावीसच्या बावीस जणी चाळीसच्या आत निघाल्या. काम संपलं होतं. पण मला आलेख काढायची खोड आहे. एकाच टेबलावर, एकच धूळ खाणाऱ्या बायकांचे आकडे मांडले तर मधे एक उंचवटा यायला हवा. माझ्या आलेखाला उंटासारखी दोन वाशिंडं आली. तेरा जणी अठ्ठावीस ते अडतीसच्या दरम्यान, आणि नऊ जणी आठ ते नऊच्या. मधे रिकामं. नऊ तर कचेरीत टपाल वाटणाऱ्या बाईचा यावा असा आकडा.

यंत्र तपासलं. यंत्र बरोबर होतं. मग त्या नऊ नळ्यांत उरलेल्या थेंबांवरून मी रक्तगट काढले. नऊच्या नऊ एबी निगेटिव्ह. हा गट शंभर माणसांत एखाद्याचा असतो, तोही दर वेळी सापडेल असं नाही. योगायोगाने नऊ जणी एकत्र यायची शक्यता मी कागदावर काढायला घेतली आणि शून्यं ओळीत मावेनात म्हणून सोडून दिली.

नऊ नळ्यांत एकाच माणसाचं रक्त होतं. लाइनच्या बायकांनी कारखान्यातला सगळ्यात स्वच्छ हात शोधला होता, आणि नेमका तो सगळ्यात दुर्मीळ रक्ताचा निघाला. दुसऱ्या कुणाचा हात असता तर मला इतकी खात्री झाली नसती.

नवांतली पाचवी नळी मावशीच्या नावाची होती. मावशीचा गट ओ पॉझिटिव्ह आहे. माझ्या आईच्या ऑपरेशनच्या वेळी शेजारच्या खाटेवर पडून तिने रक्त दिलं होतं आणि वर आईला म्हणाली होती, आता तुला माझ्याशी भांडायला जोर येईल.

कंपाउंडरकाकांना विचारलं तेव्हा ते सुया उकळत होते. त्यांनी काहीच नाकारलं नाही. हात कुणाचा ते त्यांना पक्कं माहीत होतं. कचेरीतल्या टपाल वाटणाऱ्या बाईचा, जिला सगळे ‘पावकिलो’ म्हणतात तिचा. इतका बारीक हात दुसरा नाही, एकाच बैठकीत नऊ वेळा शीर शोधायची म्हणजे जिवावर येतं, अशी त्यांचीच तक्रार होती.

“पण काका, कुणी सांगितलं तुम्हाला असं करायला?”

“कोण सांगणार? पडद्यातून हात येतो, ताई. मी हात बघतो, तोंड बघत नाही.”

पावकिलोला कुणी सांगितलं, हेही त्यांना ठाऊक नव्हतं. सहा वर्षांपूर्वी एकदा एका बाईला ताप होता म्हणून तिच्या कार्डावर पावकिलोने हात दिला, मग दुसरीसाठी दिला, आणि पुढे तशीच पद्धत पडत गेली. बदल्यात ती काय घेते, असं मी विचारल्यावर काका हसले. जेवणाच्या सुट्टीत तिला लाइनच्या टेबलावर बसू देतात, एवढंच. कचेरीतल्या बायका तिला जवळ बसवत नाहीत.

त्या दिवसापासून मी मावशीकडे नीट बघायला लागले. तिची एक ऐट होती. लाइनवर फिरताना तिचा उजवा हात नेहमी अ‍ॅप्रनच्या खिशात असायचा, आणि कुणाला कुठे बसायचं ते ती हनुवटीने दाखवायची. ती ऐट इतकी तिची झाली होती की दोन तरुण बायकाही आता खिशात हात घालून उभ्या राहायला लागल्या होत्या. घरी मात्र खिसा नव्हता. घरी ती चहाचा कप दोन्ही हातांनी धरायची, कुलूप डाव्या हाताने उघडायची, आणि केसांना पिन लावायचं काम गेल्या काही महिन्यांत वकीलकडे गेलं होतं.

मी एका रविवारी सकाळी तिला टेबलावर हात पालथा ठेवायला सांगितला आणि म्हटलं, आता नुसता पंजा वर उचल. डावा उचलला गेला. उजव्याची बोटं थोडी हलली, मनगट तिथेच राहिलं.

शिसं साठत गेलं की मनगट उचलणारी नस आधी जाते, हे मी पुस्तकात वाचलं होतं. वेळेवर बाजूला झालं तर हात बराचसा परत येतो. उशीर झाला तर येत नाही. किती उशीर म्हणजे उशीर, हे पुस्तकात नव्हतं.

“झोपेत अवघडलाय,” मावशी म्हणाली.

“कधीपासून?”

“झोपच कुंभकर्णाची,” ती हसली. मग माझ्या तोंडाकडे बघून हसणं आवरलं. “आठ महिने.”

मी तिला नळ्यांचं सांगितलं. तिला आश्चर्य वाटलं नाही, थोडा राग आला, तोही रक्तगटाचा. इतकी वर्षं कुणी बघितलं नव्हतं ते मला बघायची काय गरज होती, असं तिचं म्हणणं. हात दाखवून अवलक्षण कशाला. मग तिने मला लाइन समजावून सांगितली, जशी मी तिला एखादा प्रयोग समजावून सांगितला असता. कोण कुठे बसणार ते ती ठरवते. घरी तान्हं मूल असेल तिला दाराजवळची जागा, तिथे धूळ कमी. जिचा नवरा संध्याकाळी दारात तमाशा करतो तिला लवकरची पाळी. हे सगळं तिच्या जागेवर उभं आहे. ती शेडमध्ये गेली तर तिच्या जागी रेडिओ येईल. रेडिओ म्हणजे सतत बोलणारी एक बाई, जिचं मावशीशी दहा वर्षांपासून पटत नव्हतं. रेडिओ आली की दाराजवळ तिच्या दोन्ही जावा बसतील.

मी विचारलं, रक्त बदलायचं साहेबांनी सुचवलं होतं का.

“साहेब कशाला सुचवतील? साहेबांना कळूसुद्धा दिलं नाही आम्ही,” ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात चक्क अभिमान होता.

वकीलची परीक्षा जवळ आली होती. ती खोलीत येरझाऱ्या घालत मोठ्याने पाठ करायची. त्या आठवड्यात ‘सत्ता’ हे प्रकरण चालू होतं. सत्ता म्हणजे एकाने दुसऱ्याला असं काही करायला लावणं, जे त्याने आपणहून केलं नसतं. मला ही व्याख्या प्रयोगशाळेत वापरता येण्यासारखी वाटली. कुणीतरी कुणाला तरी काहीतरी करायला लावलंय. तो पहिला माणूस शोधायचा, बाकीचं आपोआप उलगडेल. मी एका कागदावर पावकिलोपासून बाण काढत गेले. पावकिलोकडून काका, काकांकडून मावशी, मावशीकडून सुपरवायझर, तिथून व्यवस्थापक. प्रत्येक बाणाच्या मुळाशी कुणीतरी काहीतरी सांगितलेलं असायला हवं होतं. एकाही बाणाला शब्द सापडेना.

मी तो कागद वकीलला दाखवला. ती म्हणाली, मी पहिल्याच प्रकरणात अडकले आहे. दुसऱ्यात असं येतं की सत्ता म्हणजे काही विषय बोलण्यापर्यंतच येऊ न देणं. आणि तिसरं सगळ्यात वाईट, त्यात कुणी कुणाला अडवतच नाही. माणसाला जे हवंसं वाटतं तेच दुसऱ्याच्या सोयीचं असतं.

“मग तिसऱ्यात मोजायचं काय?” मी विचारलं.

“ते विचारत नाहीत. परीक्षेला पहिलंच येतं.”

मग मी तिला तिच्या आईच्या हाताबद्दल विचारलं. रोज केसांना पिन लावताना तिच्या लक्षात आलं नव्हतं का. ती पुस्तकात बोट घालून उभी राहिली. लक्षात आलं होतं. पण आईला कोण सांगणार, असं म्हणून ती परत येरझाऱ्या घालायला लागली.

व्यवस्थापक साहेबांच्या खोलीत लाइनचा एक मोठा फोटो होता. बावीस जणी दोन रांगांत, मधे साहेब, मावशीच्या हातात ढाल. तेव्हा तिच्या उजव्या हाताला ढाल पेलत होती. सहा वर्षांपूर्वी साहेब रुजू झाले तेव्हा लाइनच्या निम्म्या बायकांचे आकडे चाळीसच्या आसपास होते, आणि शेजारची ओतकामाची लाइन, जिथे सात जण चाळीसच्या वर गेले होते, ती पुढच्याच वर्षी बंद होऊन तिथे यंत्र आलं. या दोन गोष्टींचा संबंध आहे असं कुणी म्हटलं नाही. साहेब फक्त एकदा सभेत म्हणाले की गेल्या वर्षभरात या लाइनवर कुणी चाळीसच्या वर गेलेलं नाही, याचा मला अभिमान वाटतो. फोटो त्या सभेनंतरचा. त्यानंतर कुणीही चाळीसच्या वर गेलं नाही.

मी साहेबांना नावं सांगितली नाहीत. नमुन्यांची ओळख पटत नाही एवढंच म्हटलं, आणि पडदा काढून रक्त समोरासमोर घ्यावं असं सुचवलं. ते शांतपणे ऐकत होते. खुर्ची पुढे ओढून त्यांनी मला पाणी दिलं.

“मी कुणावर कधी दबाव आणला असेल तर नाव सांगा. एक नाव.”

मला एकही नाव सांगता आलं नाही. मला वाटतं ते खरंच बोलत होते. त्यांनी विषय समितीत घ्यायचं लगेच कबूल केलं आणि माझ्यासमोर विषयपत्रिकेवर स्वतःच्या हाताने शेवटचा मुद्दा लिहिला. पडदा.

समिती महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी दुपारी जेवणाच्या सुट्टीनंतर बसते. साहेब, सुपरवायझर, महिन्यातून दोनदा येणारे डॉक्टर, कंपाउंडरकाका आणि लाइनच्या तीन प्रतिनिधी. त्या तीन म्हणजे मावशी, रेडिओ आणि एक फारशी न बोलणारी बाई, जिच्या घरी खरोखरच तान्हं मूल होतं. मला मत नव्हतं, पण बसायची परवानगी होती. पहिले चार मुद्दे पंख्यांचे, साबणाचे, चपलांच्या कप्प्यांचे आणि एका गळणाऱ्या नळाचे होते. नळावर पंचवीस मिनिटं चर्चा झाली.

मग पडदा. मी जे पाठ करून गेले होते ते बोलले. डॉक्टर म्हणाले, वैद्यकीयदृष्ट्या दोन्ही चालतं, बायकांना सोयीचं असेल तसं करावं. सुपरवायझरने मान हलवली. साहेब म्हणाले की हा विषय आमच्या भगिनींच्या संकोचाचा आहे, तेव्हा आम्ही पुरुषांनी यात मत देणं बरं दिसणार नाही. तिघींनीच ठरवावं. ते बोलताना त्यांनी मावशीकडे बघून नमस्कारासारखी मान झुकवली. कुणीही कुणाला काही करायला लावलं नव्हतं.

“पडदा आहे तसा राहावा असं ज्यांना वाटतं, त्यांनी हात वर करावा.”

मावशी माझ्या समोर बसली होती. तिने विचार केला ते मला दिसलं. डावा हात वर केला असता तर कुणीतरी विचारलं असतं, उजवा का नाही. म्हणून तिने उजवा केला. खांद्यापासून कोपर वर गेलं, कोपरापासून मनगट वर गेलं, आणि तिथून पंजा ओल्या फडक्यासारखा खाली लोंबला. तिने तो तसाच धरून ठेवला. चेहरा सरळ होता.

खोलीत सगळ्यांनी पाहिलं. डॉक्टरांनी पाहिलं आणि मग चष्मा काढून काच पुसायला घेतली. सुपरवायझर विषयपत्रिका वाचत होता. मला उठून काहीतरी म्हणायचं होतं, पण काय म्हटलं असतं तर ते तिच्या बाजूचं झालं असतं, हे मला कळेना.

रेडिओचा हात आधीच वर होता, ताठ. तिने एकदा मावशीच्या हाताकडे पाहिलं. मग स्वतःचं मनगट सैल सोडलं. तिचा पंजा तसाच खाली लोंबला. तिसरीने त्या दोघींकडे पाहिलं आणि तिनेही सोडलं. तीन हात टेबलावर तसे उभे राहिले, जणू या समितीत मत असंच देतात.

“तीन,” साहेब म्हणाले. “पडदा राहील.”

दहा वर्षं जिच्याशी मावशीचं पटत नव्हतं तिने हे केलं होतं. बाहेर पडताना दोघी एकमेकींशी बोलल्याही नाहीत.

प्रयोगशाळेत परत आल्यावर मी नियमांची पुस्तिका काढली. पडद्याबद्दल कुठे काही असेल तर बघू, म्हणून. पडद्याबद्दल काही नव्हतं. अकराव्या पानावर एक ओळ होती. शंका आल्यास विश्लेषकाने आपल्या सहीने कोणत्याही कामगाराचा नमुना समक्ष पुन्हा घ्यावा. विश्लेषक म्हणजे मी. त्यासाठी ना साहेबांना विचारायचं होतं, ना समितीला. नोकरीच्या पहिल्या दिवशी ते पान मी वाचलं होतं, खाली सहीही केली होती. मग गेले तीन आठवडे मी दारोदार का हिंडत होते, याचं उत्तर मला आवडलं नाही. या नियमाने काम केलं तर ते माझ्या नावावर जाणार होतं. समितीने केलं असतं तर कुणाच्याच नाही.

फॉर्ममध्ये नावांसाठी दहा ओळी होत्या. मला नऊ नावं माहीत होती. मी एकच लिहिलं. त्या वेळी मी स्वतःला सांगितलं की बाकीच्या आठ जणींचे हात मी पाहिलेले नाहीत, मावशीचा पाहिला आहे, तिला वेळ नाही. हे खरंच होतं. पण नऊ नावं लिहिली असती तर लाइन बंद पडली असती, आणि तीही माझ्याच सहीने, हेही खरं होतं. यातलं कुठलं कारण जास्त खरं ते मला आजही वेगळं काढता येत नाही.

मावशी दुसऱ्या दिवशी अकरा वाजता आली. मी पडदा बाजूला सारून ठेवला होता. काका बाहेर निघून गेले, त्यामुळे रक्त मलाच काढावं लागलं. तिने डावा हात टेबलावर ठेवला आणि पूर्ण वेळ सुईकडे बघत राहिली, तिला कधी चक्कर येत नसे. मी कापूस दाबायला सांगितला, तर उजव्या हाताने तिला तो दाबता येईना. मग मीच दाबून धरला.

“आठ जणींची नावं का नाही लिहिलीस?” ती म्हणाली.

मी म्हटलं, तुझ्या हाताला वेळ नाही.

“त्यांना आज संध्याकाळपर्यंत कळेल की तू लिहू शकली असतीस,” ती म्हणाली. “मी लाइन सहा वर्षं अशीच चालवली. आता तू मुकादम.”

आकडा एकाहत्तर आला. डॉक्टरांनी त्याच दिवशी तिला मोठ्या इस्पितळात पाठवलं, आणि लाइनच्या सगळ्या बायकांची पाच आठवड्यांनी फेरतपासणी करावी असं लिहून दिलं. इस्पितळातून आल्यावर मावशीला करडा अ‍ॅप्रन मिळाला. साहेबांना मनापासून वाईट वाटलं. त्यांनी तिला खोलीत बोलावून तिच्या सेवेबद्दल चार शब्द सांगितले आणि घरापर्यंत गाडी दिली. इतकी चांगली बाई, आपल्याला सांगायला हवं होतं तिने, असं ते मला दोनदा म्हणाले.

घरी मावशी माझ्याशी लागेल तेवढंच बोलायची. भाजी संपली, दार लाव, पाणी आलंय. वकील आमच्या दोघींच्या मधे निरोप्यासारखी फिरत होती आणि अचानक कुठल्याच वाक्याला ‘पण’ लावत नव्हती. रोज सकाळी मावशी टेबलावर हात पालथा ठेवून स्वतःच पंजा उचलायचा प्रयत्न करायची, मी खोलीत नसताना. चौथ्या आठवड्यात मी दारातून पाहिलं. मधलं बोट इतर बोटांपेक्षा जरा वर आलं आणि पडलं. डॉक्टर म्हणाले, बोट आलं म्हणजे मनगट येईलच असं नाही. येणार नाही असंही ते म्हणाले नाहीत.

फेरतपासणीच्या दिवशी मी पडद्याचं काय करायचं ते ठरवलं नव्हतं. सकाळी दवाखान्यात गेले तेव्हा पडदा खाली उतरवून, धुऊन, घडी करून कपाटावर ठेवलेला होता. कुणी काढला म्हणून काकांना विचारलं. ते म्हणाले, मी नाही, सकाळी आलो तेव्हा असाच होता. त्यांनी त्या दिवशी मला पहिल्यांदा ‘मॅडम’ म्हटलं.

बाहेर एकवीस बायका रांगेत उभ्या होत्या. साडेनऊची वेळ दिली होती, त्या नऊलाच आल्या होत्या. सगळ्यांच्या डाव्या बाह्या कोपराच्या वर दुमडलेल्या. एरवी या रांगेत इतका गलका असतो की काका दार लावून घेतात, पण मी दारात गेले आणि आवाज बसला. पावकिलो टपालाची पिशवी घेऊन बोळातून जात होती. तिने रांगेकडे पाहिलं आणि वळून दुसऱ्या जिन्याने गेली.

रेडिओ सगळ्यात पुढे होती. आता ती मुकादम होती. दाराजवळच्या जागेवर तान्ह्या मुलाची आईच बसते आहे, जावा नाहीत, असं मला वकीलकडून कळलं होतं, आणि वकीलला मावशीकडून. म्हणजे शेडमधल्या बाईशी लाइनवरची कुणीतरी बोलत होती. मला ते कुणी सांगितलं नसतं. गेल्या पाच आठवड्यांत माझ्या टेबलाशी कुणी जेवायला बसलेलं नव्हतं. मात्र मी जेवणघरात शिरले की खिडकीजवळची खुर्ची रिकामी झालेली असायची.

रेडिओ समोर बसली. मी तिचं कार्ड बघितलं, तोंड बघितलं, नाव लिहिलं. दंडाला रबर बांधलं. तिची शीर चांगली ठसठशीत होती. तिने मागे वळून रांगेकडे पाहिलं, मग माझ्याकडे झुकली आणि हळू आवाजात म्हणाली,

“मॅडम, या वेळी किती यायला हवा?”

मला आधी प्रश्नच कळला नाही. मग कळला. ती चेष्टा करत नव्हती. पाच आठवड्यांत त्या सगळ्यांनी बसून विचार केला होता की या बाईला काय हवं असेल. चाळीसच्या आत हवा, की या वेळी काही जणी वर गेलेल्या हव्यात, आणि हव्यात तर कोणी जायचं. मी मागितलं असतं तर त्यांनी ते कसं आणून दिलं असतं ते मला माहीत नाही, पण आणून दिलं असतं.

“जेवढा असेल तेवढा,” मी म्हटलं.

ती हसली. साहेबांनी सभेत विनोद केला की हसतात, तसं. तिच्या मागची हसली, मग तिच्या मागची, आणि हसणं रांगेतून शेवटपर्यंत गेलं. मग रेडिओने हात सरळ केला.